झाकणभर पाणी

१९८४ सालच्या मार्च महिन्यात आमचे मालवाहू जहाज लिबियातल्या बेनगाझीच्या बंदराबाहेर नांगर टाकून धक्का मिळण्याची वाट पाहत होते आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून गिब्ली सुटला. गिब्ली म्हणजे सहाराच्या वाळवंटातून समुद्राकडे येणारा उष्ण, धुळीने भरलेला वारा. अर्ध्या तासात किनारा दिसेनासा झाला, आभाळ गढूळ पिवळे झाले आणि रेडिओ रूमची दारे, झरोके घट्ट लावूनही ट्रान्समीटरवर पिठासारख्या मऊ वाळूचा थर बसला. मी त्या जहाजावर रेडिओ ऑफिसर होतो. ओल्या फडक्याने यंत्रे पुसता पुसता ही वाळू किती लांबून आली असेल, एवढाच विचार तेव्हा माझ्या मनात आला होता. ज्या दिशेने ती येत होती, त्या दिशेला सातशे किलोमीटरवर एक विमान वाळवंटात पडून आहे, हे मला ठाऊक नव्हते.

ते कळले तीन वर्षांनी, एका परक्या बंदरातल्या खलाशांच्या वाचनालयात, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यातला एक लेख वाचताना. विमानाचे नाव ‘लेडी बी गुड’. अमेरिकी हवाई दलाचे बी-२४ लिबरेटर जातीचे, चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान. ते आणि त्याच्यावरचे नऊ जण एप्रिल १९४३ मध्ये हरवले. लेख वाचून मी मासिक मिटले तेव्हा माझे हात गार पडले होते, कारण त्या नऊ जणांना ज्या गोष्टीने वाळवंटात नेले, ती माझ्या रोजच्या कामातली होती. पुढे जे मिळेल ते वाचत गेलो. निवृत्तीनंतर दापोलीला येऊन स्थायिक झाल्यावरही ते वाचन थांबले नाही. आज प्रथमच त्याबद्दल लिहितो आहे.

त्या वसंतात उत्तर आफ्रिकेतले युद्ध ट्युनिशियात येऊन आटत चालले होते. तिथे अडकलेल्या जर्मन आणि इटालियन सैन्याला रसद इटलीतून येई आणि त्या रसदीचे एक मोठे बंदर होते नेपल्स. ४ एप्रिल १९४३ रोजी, रविवारी, बेनगाझीच्या दक्षिणेला असलेल्या सुलूकच्या धावपट्टीवरून ३७६ व्या बॉम्बर गटाची २५ लिबरेटर विमाने नेपल्सच्या बंदरावर हल्ला करण्यासाठी निघाली. पहिल्या तुकडीत बारा, दुसऱ्या तुकडीत तेरा. धावपट्टी म्हणजे वाळवंटात सपाट केलेली जमीन, आणि त्या दुपारी वाळूचे वादळ सुरू होते. दुसऱ्या तुकडीतल्या तेरापैकी नऊ विमानांना इंजिनांत वाळू गेल्यामुळे परत फिरावे लागले. पुढे गेलेल्या चारांत ‘लेडी बी गुड’ होते.

विमान नवे होते. ते सुलूकला येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. त्याच्यावरची माणसेही नवी होती, आणि ही त्यांची एकत्र अशी पहिलीच लढाऊ मोहीम होती. वैमानिक विल्यम हॅटन न्यूयॉर्कचा, सहवैमानिक रॉबर्ट टोनर मॅसॅच्युसेट्सचा, मार्गदर्शक म्हणजे नॅव्हिगेटर डी. पी. हेज मिसूरीचा, बॉम्ब टाकणारा जॉन वोराव्का ओहायोचा. फ्लाइट इंजिनियर हॅरॉल्ड रिप्सलिंगर आणि रेडिओ ऑपरेटर रॉबर्ट लामॉट हे दोघेही मिशिगनचे. गाय शेली, व्हर्नन मूर आणि सॅम्युएल ॲडम्स हे तिघे तोफची. सगळे विशीतले. लामॉटचे नाव वाचताना मी प्रत्येक वेळी थोडा थांबतो. तो माझ्या पेशातला होता. कानाला हेडफोन लावून, खरखरीतून कामाचा आवाज वेगळा काढण्याची धडपड म्हणजे काय, हे मला माहीत आहे.

रात्री आठच्या सुमारास चार विमाने नेपल्सजवळ पोहोचली तेव्हा अंधार पडला होता आणि लक्ष्य दिसत नव्हते. ती परत फिरली. ‘लेडी बी गुड’चे बॉम्ब समुद्रात टाकण्यात आले. या गोष्टीला माझ्या मनात एक जागा आहे. नेपल्सच्या लोकांनी त्या युद्धात बॉम्बहल्ल्यांखाली फार सोसले, आणि या विमानाबद्दल हळवेपणाने लिहिताना ते कशासाठी निघाले होते, हे विसरणे मला जमणार नाही. पण या नऊ जणांच्या एकमेव मोहिमेत त्यांच्या हातून खाली कोणी मेले नाही, हेही तितकेच खरे आहे.

परतीच्या वाटेवर ते एकटे होते. खाली समुद्र, भोवती काळोख. मध्यरात्रीनंतर बारा मिनिटांनी हॅटनने बेनगाझीजवळच्या बेनिना तळाला रेडिओवरून कळवले की आपले दिशादर्शक यंत्र काम करत नाही, आम्ही कुठल्या दिशेला आहोत ते सांगा. बेनिनाने विमानाच्या रेडिओचा आवाज दिशाशोधकावर धरला आणि उत्तर दिले, ३३० अंश. म्हणजे तळापासून उत्तर-वायव्येला. नेपल्सहून येणारे विमान त्याच बाजूला असायला हवे होते. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले आणि म्हणूनच त्यावर कोणी शंका घेतली नाही.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तिच्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. रेडिओ दिशाशोधकाचा अँटेना गोल कड्यासारखा असतो. ते कडे फिरवत जायचे. एका ठिकाणी ऐकू येणारा आवाज क्षीण होत होत बुडतो. आवाज बुडाला की कड्याखालच्या तबकडीवर अंश वाचायचे. पण कडे पूर्ण फिरवले तर आवाज एकदा नव्हे, दोनदा बुडतो, बरोबर समोरासमोर, १८० अंशांच्या अंतराने. यंत्र तुम्हाला रेषा देते. त्या रेषेच्या कुठल्या टोकाला आवाज आहे, ते देत नाही. टोक ठरवण्यासाठी दुसरा, उभा अँटेना जोडून पुन्हा ऐकावे लागते. त्याला आम्ही ‘सेन्स घेणे’ म्हणत असू. बेनिनाच्या यंत्राला एकच कडे होते. ३३० आणि १५० त्याला सारखेच होते.

माझ्या पहिल्या जहाजावर, इंग्लिश खाडीतल्या दाट धुक्यात, मी एका दीपनौकेच्या रेडिओ खुणेची दिशा घेऊन मोठ्या आत्मविश्वासाने ती कागदावर लिहून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, नेली होती. आमच्या दुसऱ्या अधिकाऱ्यांनी कागदाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, “बाजू पाहिलीस का?” मी पाहिली नव्हती. धावत खाली गेलो, सेन्स घेतला, आणि दीपनौका आमच्या पुढे नसून मागे पडली होती. त्या वेळी त्याने काही बिघडले नाही. रडार होते, अनुभवी माणसे होती, कोणी मला रागावलेही नाही. पण त्या तीन शब्दांच्या प्रश्नाने माझ्या पोटात जो खड्डा पडला, तो मी विसरलेलो नाही. सुलूक आणि बेनिनाच्या त्या रात्री हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते.

विमान तळाच्या वायव्येला नव्हतेच. ते किनारा आणि तळ ओलांडून आत आले होते आणि आग्नेयेकडे, वाळवंटाच्या दिशेने चालले होते. खालून त्याला दिसावे म्हणून उजेडाचे बाण सोडले गेले. ते वरच्यांना दिसले नाहीत. बेनिनाचे उत्तर ऐकून हॅटनने जो अर्थ काढला, तो त्याच्या जागी कोणीही काढला असता: तळ अजून पुढे आहे, आपण समुद्रावर आहोत, याच रोखाने चालत राहायचे. रात्री वरून पाहिले तर चांदण्याशिवायचे वाळवंट आणि चांदण्याशिवायचा समुद्र यांत फरक नसतो. दोघांवरही दिवा नसतो.

आमच्या कोकणात याला चकवा म्हणतात. आजी सांगायची की तिन्हीसांजेला राईतून येताना एखाद्याला चकवा लागतो, पायाखालची रोजची वाट त्याला भलतीकडे नेते आणि आपण घराकडेच चाललो आहोत अशी त्याची पुरती खात्री असते. ती खात्री हाच चकव्याचा खरा घाला, कारण जो साशंक आहे तो थांबतो, कानोसा घेतो, हाक मारतो. हॅटनने हाकही मारली होती. हाकेला ओ आली, आणि त्या ओ-नेच चकवा पक्का केला. आजीच्या गोष्टींत असे कधी होत नसे.

ते आणखी सुमारे दोन तास उडत राहिले. पहाटे दोनच्या सुमारास, इंधन संपत आले तेव्हा, नऊही जणांनी हवाई छत्र्या घेऊन उड्या मारल्या. आपण समुद्रात पडणार, असे त्यांना वाटत असावे असा माझा अंदाज आहे. निदान किनाऱ्याच्या आसपास. पाय लागले ते खड्यांच्या कठीण, सपाट मैदानाला. किनाऱ्यापासून सातशे किलोमीटर आत.

रिकामे विमान मात्र लगेच कोसळले नाही. चालवणारे कोणी नसताना ते दक्षिणेकडे आणखी सोळा मैल गेले, हळूहळू उतरत आले आणि त्या सपाट मैदानावर पोटावर घसरत थांबले. पाठीमागून त्याचे दोन तुकडे झाले. बाकी ते जवळजवळ शाबूत राहिले.

अंधारात पिस्तुलांचे बार काढून आणि इशाऱ्याचे बाण उडवून आठ जण एकमेकांना सापडले. नववा सापडला नाही. हे सगळे आपल्याला कळते, कारण टोनरच्या खिशात एक छोटी डायरी होती आणि तो रोज तीत दोन-चार ओळी लिहीत गेला. पहिल्या नोंदीत नेपल्सचा उल्लेख आहे, विमानांचा आकडा २८ असा आहे (दप्तरातला आकडा २५ आहे), परतताना वाट चुकलो, इंधन संपले, उड्या मारल्या, रात्री दोन वाजता वाळवंटात उतरलो, कोणाला फारसे लागलेले नाही, हे सगळे एका दमात येते आणि मग लगेच: जॉन सापडत नाही, बाकीचे सगळे हजर आहेत. दुसऱ्या दिवशी चालायला सुरुवात केल्याची नोंद करतानाही तो लिहितो की जॉनचा अजून पत्ता नाही. डायरीत त्यानंतर जॉनचे नाव येत नाही.

सोमवारी ते वायव्येकडे निघाले. जवळ थोडा शिधा आणि अर्धी बाटली पाणी होते. टोनरने हिशेब लिहून ठेवला आहे: दिवसाला एक झाकणभर.

हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल, सांगता येत नाही. आमच्या लाइफबोटीत माणशी तीन लिटर पिण्याचे पाणी ठेवलेले असे आणि आम्हाला शिकवले जाई की पहिले चोवीस तास कोणालाही पाणी द्यायचे नाही, त्यानंतर माणशी रोज अर्धा लिटर. तोही हिशेब जीव कसाबसा टिकवण्याचा, तोही बसून राहणाऱ्या माणसाचा. अमेरिकी सैनिकाच्या बाटलीत लिटरभराला थोडे कमी पाणी मावते. त्याचे निम्मे, आणि त्याचे आठ वाटेकरी. माणशी साठ मिलिलिटरही येत नाही; आपल्याकडे चहाचा छोटा कप असतो, तो अर्धा भरेल एवढे. हे एका दिवसाचे नव्हे. सगळे मिळून एवढे. आणि ते पाणी त्यांनी सात दिवस पुरवले. ११ एप्रिलच्या नोंदीत, म्हणजे सातव्या दिवशी, टोनर लिहितो की जिभेला लावण्यापुरते उरले आहे. म्हणजे तोवर कोणी बाटली हिसकावली नव्हती, कोणी आपल्या वाट्याहून घोटभर जास्त घेतले नव्हते. बाटली ज्याच्याकडे असेल त्याला ती रात्री गुपचूप तोंडाला लावता आली असती. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त हलवते ती हीच गोष्ट.

चालण्याचीही शिस्त होती. दुपारी उन्हात पडून राहायचे, संध्याकाळपासून रात्रभर चालायचे, पंधरा मिनिटे चाल आणि पाच मिनिटे विश्रांती. मागून शोधायला येणाऱ्यांना दिशा कळावी म्हणून वाटेत ते खुणा करत गेले: बूट मांडून केलेला बाण, छत्रीच्या कापडाच्या पट्ट्यांचा बाण, पट्ट्या उडून जाऊ नयेत म्हणून त्यांवर दगड. पाण्याविना चालणाऱ्या माणसाने वाकून दगड गोळा करायचे, ते नीट मांडायचे आणि उठून पुन्हा चालायला लागायचे, यासाठी किती शक्ती खर्चावी लागली असेल! येणारे येणार आहेत, या एका गोष्टीवर त्यांनी ती खर्च केली.

बुधवारी टोनर लिहितो, सगळे अशक्त होत चालले आहेत, सतत प्रार्थना चालू आहे. गुरुवारी कठीण मैदान संपले आणि वाळूच्या टेकड्या लागल्या. त्या कालांशोच्या वाळूच्या समुद्राच्या टेकड्या. लामॉटची दृष्टी त्या दिवशी गेली आणि बाकीच्यांचे डोळेही बिघडले. शुक्रवारी शेली, रिप्सलिंगर आणि मूर हे त्यातल्या त्यात धड असलेले तिघे मदत आणण्यासाठी पुढे निघाले आणि पाच जण मागे थांबले, कारण त्यांना चालवत नव्हते. एकच छत्री उरली होती. रात्रीचे तापमान ३५ फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे दोन अंश सेल्सिअसवर उतरत होते. त्या दिवशी त्याने लिहिले आहे की आता सगळ्यांना मरण हवे आहे. आणि तरी शनिवारी पुन्हा प्रार्थना, आणि एक-दोन पक्षी दिसल्याची नोंद.

रिप्सलिंगरही डायरी लिहीत होता. त्याची शेवटची नोंद त्या रविवारची आहे: वाळूच्या टेकड्यांतून बाहेर पडण्यासाठी आणि पाण्यासाठी अजून धडपडतो आहे.

तळावर काय झाले? तिथे सर्वांनी मानले की विमान भूमध्य समुद्रात पडले. शोध घेतला तो समुद्रावर. वायव्येचा आकडा हाती असताना दक्षिणेचे वाळवंट कोणी का पाहावे? म्हणजे एकाच आकड्याने दोन्हीकडच्यांना फसवले, हरवलेल्यांना आणि त्यांना शोधणाऱ्यांनाही. घरच्यांना बेपत्ता असल्याचे कळवले गेले, पुढे मृत ठरवले गेले, आणि युद्ध आणखी दोन वर्षे चालले.

पंधरा वर्षांनी लिबियात तेल शोधणाऱ्या ब्रिटिश पथकांना हवेतून वाळवंटात एक विमान दिसले. २७ फेब्रुवारी १९५९ रोजी त्यांतले भूगर्भतज्ज्ञ आणि सर्वेक्षक जमिनीवरून विमानापाशी पोहोचले, आणि मे महिन्यात अमेरिकी पथक गेले. त्यांनी जे पाहिले त्याची वर्णने वाचताना अंगावर काटा येतो. रेडिओ चालू होत होता. मशीनगन चालत होत्या. आत पाणी होते, खाण्याचे पदार्थ होते, थर्मासमधले पेय पिण्याजोगे होते. छत्री एकही नव्हती आणि माणूसही एकही नव्हता. वाळवंटाने काहीही गंजू दिले नव्हते.

त्या वर्षी महिनोन्‌महिने शोध झाला. बुटांचा बाण आणि छत्र्यांच्या खुणा सापडल्या, माणसे सापडली नाहीत. ११ फेब्रुवारी १९६० रोजी तेलवाल्यांच्याच एका पथकाला वाळूच्या टेकड्यांमध्ये पाच जण सापडले: हॅटन, टोनर, हेज, लामॉट आणि ॲडम्स. सोबत बाटल्या, बॅटऱ्या, छत्रीचे तुकडे आणि ती डायरी. उडी मारल्या जागेपासून ते साठ मैलांहून अधिक चालले होते. मे महिन्यात शेली आणि रिप्सलिंगर सापडले, पाच जणांच्याही पुढे उत्तरेला, एक सुमारे २० मैलांवर आणि दुसरा सुमारे २७ मैलांवर. इतक्या थोड्या पाण्यावर माणूस इतके चालू शकतो, हे तोवर वाळवंटाच्या जाणकारांनाही शक्य वाटत नव्हते.

हे प्रकरण जिथे जिथे सांगितले जाते, तिथे तिथे कथनाचा कळस एकाच जागी येतो: दक्षिणेला सोळा मैलांवर पाणी, अन्न आणि चालू रेडिओ असलेले विमान, आणि हे बिचारे उत्तरेकडे चालत गेले. मी स्वतः मित्रांना सांगताना कित्येक वर्षे तसेच सांगत असे आणि ऐकणारा हळहळून कपाळावर हात मारी. आता मला तसे सांगणे पटत नाही. ते सोळा मैल आपल्याला दिसतात, कारण आपण नकाशावर वरून पाहतो आहोत आणि त्यावर विमानाची जागा १९५९ साली कोणीतरी ठिपका काढून दाखवली आहे. त्यांच्या दृष्टीने विमान म्हणजे चालक नसलेला, इंधन संपलेला, कुठेतरी आपटून जळून गेलेला लोखंडाचा सांगाडा. अशा सांगाड्याच्या शोधात समुद्राकडे पाठ करून, आणखी आत, अज्ञातात कोण जाईल? तळापासून आपण किती दूर आहोत हे त्यांना माहीत नव्हते. हातात असलेल्या माहितीवर विचार केला तर किनारा काही दिवसांच्या चालीवर होता आणि तो वायव्येला होता. वायव्येलाच तो खरोखर होताही. त्यांची दिशा चुकली नव्हती. विमानात असताना त्यांना रेषा बरोबर मिळाली आणि बाजू चुकीची; जमिनीवर त्यांनी बाजू बरोबर ओळखली, पण अंतर चारशे मैलांहून अधिक होते.

कोणी हेजकडे बोट दाखवतो, की नॅव्हिगेटरने वाऱ्याचा आणि वेळेचा हिशेब ठेवला असता तर किनारा ओलांडल्याचे कळले असते. कोणी बेनिनाच्या ऑपरेटरकडे. माझी सगळी उमेद तसल्याच यंत्रापुढे गेली आहे, त्यामुळे मला दोघांवरही बोट उचलवत नाही. टोनरच्या डायरीत एकाही माणसाला दोष दिलेला नाही. आपल्यापैकी कोणाला नाही, तळाला नाही. आठ दिवस मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसांमध्ये कडू शब्द निघालेच नसतील असे मी म्हणत नाही, पण ते कागदावर उतरवायचे नाहीत हे टोनरने ठरवले असावे, किंवा पेन्सिल धरायला जेवढी ताकद होती ती त्याला दुसऱ्या गोष्टींसाठी हवी होती.

पुढे या विमानाच्या सुट्या भागांवरून दंतकथा पसरल्या: याचा अमुक भाग ज्या विमानाला लावला त्याला अपघात झाला, तमुक भाग असलेले विमान समुद्रात पडले. अपशकुनी विमान म्हणून ते अनेकांच्या लक्षात राहिले आहे. मला हे वाचवत नाही. त्या विमानाने चालक नसताना स्वतःला जमिनीवर अलगद उतरवले होते. त्याला अपशकुनी कसे म्हणायचे?

१९९४ साली विमानाचे उरलेले अवशेष वाळवंटातून उचलून तोब्रुकच्या लष्करी तळावर नेण्यात आले. तोब्रुक हे नाव मराठी घरांना परके नाही. जून १९४२ मध्ये, म्हणजे ‘लेडी बी गुड’ हरवण्याच्या दहा महिने आधी, तोब्रुक पडले तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे होती आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची कितीतरी पोरे कैदी झाली. आमच्या शेजारच्या गावातल्या एका घरात मी लहानपणी त्या कैदेतून परतलेले एक म्हातारे गृहस्थ पाहिले आहेत. त्यांच्याकडे कोणी पाणी मागितले की ते तांब्या काठोकाठ भरून आणत, सांडला तरी चालेल पण उणा नको, असे. तेव्हा आम्हा मुलांना त्याची गंमत वाटे. त्यांनी आम्हाला वाळवंटाबद्दल कधी काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आज ते असते तर मी विचारले असते.

जॉन वोराव्का ऑगस्ट १९६० मध्ये सापडला. त्याची छत्री नीट उघडली नव्हती आणि जमिनीवर आदळताच तो गेला होता. साथीदार ज्या रात्री पिस्तुलांचे बार काढून त्याला बोलावत होते, त्या वेळी तो हयात नव्हता. त्याच्या पाण्याच्या बाटलीत बरेचसे पाणी शिल्लक होते. म्हणजे ज्या बाटलीने आठ जणांना आणखी काही दिवस दिले असते, ती त्या रात्री त्यांच्यापासून फार दूर नव्हती. टोनरने मात्र लिहिले आहे ते ‘जॉन सापडत नाही’ असे. त्यांना जॉन हवा होता.

व्हर्नन मूर, मदतीसाठी पुढे निघालेल्या तिघांतला, आजवर अधिकृतपणे सापडलेला नाही. त्रिपोलीजवळच्या अमेरिकी हवाई तळाच्या प्रार्थनामंदिरात या नऊ जणांच्या स्मृतीची रंगीत काचेची एक खिडकी होती; तळ बंद झाल्यावर ती ओहायोतल्या हवाई दलाच्या संग्रहालयात नेली. मूर ओहायोचाच होता. त्याच्या राज्यात खिडकी पोहोचली आहे.

डायरीतली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली आणि ती कोणी नोंदवलेली मी वाचलेली नाही. टोनर वाऱ्याची नोंद ठेवतो. सोमवारी वायव्येकडून चांगली झुळूक. मंगळवारी वारा नाही, आणि त्याच वाक्यात ती दुपार नरकात काढल्याचे तो सांगतो. गुरुवारी चांगला वारा, पण वाळू सारखी उडते आहे. शुक्रवारी उत्तरेचा चांगला वारा. शनिवारी पुन्हा उत्तरेकडून चांगला वारा. मी समुद्रावर पंचवीस वर्षे काढली आहेत आणि खलाशी वाऱ्याकडे कसा पाहतो ते मला ठाऊक आहे. ज्या बाजूला ते तोंड करून चालले होते, त्याच बाजूने तो वारा येत होता. समुद्र तिकडेच आहे, जवळ आहे, असे त्या गार वाऱ्याने त्यांना सांगितले असेल. तो माझा तर्क आहे. डायरीत तसे लिहिलेले नाही. पण आठवडाभर उपाशी, तहानलेला, दृष्टी मंदावलेला माणूस रोज दोन ओळींच्या जागेत वाऱ्यासाठी शब्द राखून ठेवतो, तो उगाच नाही.

रविवारी, ११ तारखेला, तो लिहितो की मदतीची वाट पाहतो आहोत, वजन उतरले आहे, सगळे अंग दुखते आहे, पाणी असते तर पोहोचलो असतो, लवकरच मदत येईल अशी आशा आहे, अजून त्याच जागी आहोत. सोमवारी, १२ एप्रिलला, शेवटची नोंद आहे: अजून मदत नाही, रात्र फार थंड होती. या दोन दिवसांच्या नोंदींत वाऱ्याचा उल्लेख नाही.